हॉटेलच्या पेटीतली मतं

डब्लिनपासून लांबच्या ड्रमकोरा गावातून तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला कड म्हणून नाहीच. डांबर संपलं की गवत, गवत संपलं की पाण्यानं भरलेला चर, आणि चरावर ओणवं झालेलं काटेरी झुडपांचं कुंपण. गाडी आली तर चालणाऱ्यानं कुठे जायचं, हा प्रश्न रस्ता बांधणाऱ्यांना कधी पडला नसावा, कारण तेव्हा त्या रस्त्यानं चालत जाणारं कोणी नव्हतंच. तळ्याकाठच्या हॉटेलात लग्नाची वऱ्हाडं यायची ती मोटारींतून. पुढे हॉटेल बुडालं, सरकारनं ते भाड्यानं घेतलं आणि आश्रय मागायला देशोदेशींहून आलेली माणसं त्यात आणून ठेवली. त्या माणसांकडे मोटारी नव्हत्या. पाय होते आणि मुलं होती.

नेत्साई चिगुम्बा त्यांतलीच एक. झिम्बाब्वेत ग्वेरूच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. तिथून का निघावं लागलं, हे तिनं आश्रयाच्या मुलाखतीत एकदाच सांगितलं, त्यानंतर कुणाला नाही. निकालाची वाट बघण्यात तिसरं वर्ष चाललं होतं. कामाचा परवाना मिळाल्यावर तिनं गावातल्या वृद्धाश्रमात नोकरी धरली. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, त्यांच्या त्याच त्या गोष्टी पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवून ऐकायच्या. हॉटेलातल्या तिच्या देशाच्या बायका तिला ‘माई रोपा’ म्हणत, म्हणजे रोपाची आई. त्यांच्याकडे बाईला मूल झालं की तिचं स्वतःचं नाव मागे पडतं. नेत्साईची त्याला हरकत नव्हती. तिच्यापाशी तसंही रोपाशिवाय स्वतःचं म्हणावं असं काही उरलं नव्हतं.

रोपा आठ वर्षांची. शाळेची बस लांबच्या मुलांसाठी होती आणि हॉटेल सरकारी मोजमापात तेवढं लांब भरत नव्हतं. म्हणून रोज सकाळी दोघी चालत निघायच्या. रोपा कुंपणाच्या बाजूला, नेत्साई रस्त्याच्या बाजूला. गाडीचा आवाज आला की नेत्साई पोरीला झुडपात ढकलायची आणि स्वतःची पाठ रस्त्याकडे करून तिच्यावर वाकून उभी राहायची. रोपाच्या स्वेटरच्या डाव्या बाहीतले धागे काट्यांनी ओढून ओढून निघाले होते. शाळेतल्या पोरी विचारायच्या, तुझ्याकडे मांजर आहे का?

मे महिन्यात मुरघासाचा हंगाम सुरू झाला. त्या दिवसांत सगळा तालुका घाईत असतो. कापलेला हिरवा चारा ऊन आहे तोवर खड्ड्यात दाबायचा असतो, आणि ट्रॅक्टरवर बसलेली पोरं सतरा-अठरा वर्षांची. अशाच एका ट्रेलरनं एके सकाळी रोपाच्या खांद्यावरचं दप्तर उडवलं. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. दप्तर चरात पडलं, ट्रेलर चारा उधळत पुढच्या वळणावर दिसेनासा झाला. रोपाला हसू फुटलं. “आई, माझं दप्तर उडालं बघ!” नेत्साईनं चरात उतरून दप्तर काढलं. पट्टा पुन्हा अडकवला. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. आश्रयाचा निकाल नको, वेगळं घर नको. हॉटेलच्या गेटापासून शाळेपर्यंत फुटपाथ हवा होता.

त्याच आठवड्यात फर्गल विन हॉटेलवर आला. फर्गल निवृत्त पोस्टमन. लांब ढांगांचा, कायम हसऱ्या चेहऱ्याचा, आणि कौन्सिलच्या निवडणुकीला अपक्ष उभा राहिलेला. जेवणघरात चहाचा कप घेऊन तो टेबलाच्या कडेवर टेकला आणि म्हणाला, “मंडळी, जूनमध्ये तुम्ही मत द्यायचंय.”

आधी कुणाला पटेचना. जॉर्जियाहून आलेला झुराब तिथं बसला होता. पूर्वी बस चालवायचा, आता हॉटेलच्या गवतावर यंत्र फिरवायचा. तो म्हणाला, “आम्हाला? आम्हाला इथं स्वतःचं अंडं उकडायची परवानगी नाही. आणि मत?”

“देशाच्या सरकारसाठी नाही,” फर्गल म्हणाला. “फक्त कौन्सिलसाठी. रस्ते, दिवे, कचरा. कौन्सिलच्या हद्दीत जो राहतो त्याला मत. पासपोर्ट कुठला हे कोणी विचारत नाही. या देशात हे असंच आहे, फार वर्षं झाली.”

“मग आम्हाला कोणी सांगितलं का नाही?” नेत्साईनं विचारलं.

फर्गलनं कान खाजवला. “विचारायला कोणी आलं नाही म्हणून असेल.”

नेत्साईनं फुटपाथचं काढलं. फर्गल म्हणाला की या रस्त्यावर आपण किती वर्षं टपाल वाटलंय, इथली वळणं आपल्याला पाठ आहेत, इथं फुटपाथ हवाच. आपण निवडून आलो तर पहिलं काम तेच. “मला फक्त एक नंबर द्या. नावासमोर एक लिहायचा. पुढे दोन, तीन, चार, तुमच्या मनाप्रमाणे.” हे शेवटचं वाक्य तो दाराकडे चालता चालता बोलला. इथल्या माणसांना ते लहानपणापासून ठाऊक असतं. घरात जेवताना बाप आईला विचारतो, तू दोन कुणाला देणार? फर्गलला वाटलं, यात समजावण्यासारखं काय आहे?

नावनोंदणीचे कागद फर्गलनंच आणले. नेत्साईनं प्रत्येकाशेजारी बसून ते भरून घेतले आणि मतदानाच्या आधीच्या रविवारी जेवणघरात सगळ्यांना गोळा केलं. इतक्या वर्षांनी पुन्हा तिच्यासमोर वर्ग होता. मेन्यू लिहायच्या पांढऱ्या फळ्यावरचा ‘कोंबडी आणि चिप्स’ तिनं पुसला आणि मतपत्रिका काढली. एकाखाली एक नावं, समोर एकेक चौकोन.

“सगळ्यात खाली फर्गल. त्याच्यासमोर एक. मग वरून सुरुवात करायची. दोन, तीन, चार, खालपर्यंत. एकही चौकोन रिकामा सोडायचा नाही.”

हे शेवटचं तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायची गरजही नव्हती. हॉटेलातल्या प्रत्येक माणसाला ते हाडांतून ठाऊक होतं. आश्रयाची ती जाडजूड प्रश्नावली भरताना वकीलबाई टेबलावर बोट आपटून सांगायची, रिकामं काही ठेवू नका, लागू नसेल तर ‘लागू नाही’ लिहा, पण रिकामं नको. रिकाम्या रकान्यानं अर्ज परत येतो, आणि परत आलेला अर्ज म्हणजे इथं आणखी एक हिवाळा.

झुराब फळ्याजवळ आला. “मास्तरीणबाई, सगळ्यात वर कोण आहे बघितलंत का? ब्रेहनी. हॉटेल उघडलं तेव्हा आपण नको म्हणून गेटावर फलक घेऊन उभा होता तो. त्याला मी दोन नंबर देऊ?”

“मत एकालाच असतं. एक म्हणजे मत. बाकीचे आकडे म्हणजे नुसतं चौकोन भरणं.”

“मग शेवटचा आकडा देतो त्याला.”

“तू देशील रे. हबीबो आजी देईल? तिला आकडे उड्या मारत लिहायला सांगितलं तर पाच दोनदा पडेल, सात राहून जाईल, आणि मत बाद.” हबीबो आजी सोमालियाची. आपलं नाव ऐकून ती मान हलवत हसली. “सगळ्यांनी सारखंच करायचं. एक खाली, बाकी वरून सरळ.”

“माझा हात नाही लिहिणार त्या माणसासमोर दोन.”

“झुराब, तुझाच अर्ज परत आला होता ना? किती चौकोन राहिले होते?”

झुराब आपल्या खुर्चीकडे परत गेला. एकच राहिला होता.

कोपऱ्यातून माई तिनो म्हणाली, “आणि त्या ब्रेहनीला कळलं की आपण त्याला कोरं सोडलं, तर पुन्हा येईल गेटावर!” सगळे हसले. नेत्साईही हसली. “त्याला कसं कळणार? मत गुप्त असतं.”

मतदानाच्या दिवशी हॉटेलातून निघालेली ती रांग गावानं खिडक्यांतून बघितली. हबीबो आजीनं जपून ठेवलेली केशरी ओढणी घेतली होती, झुराबनं दाढी केली होती. शाळेच्या दारावरच्या पोलिसानं टोपीला हात लावला. रोपाच्याच वर्गात मतदान होतं. भिंतीवर मुलांनी काढलेली ग्रहमाला. नेत्साईनं दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेतली. फर्गलसमोर एक लिहिताना तिला फुटपाथ दिसत होता, राखाडी, कडेला दगडांची रांग असलेला. मग पेन्सिल वर गेली. छोट्याशा फोटोतून ब्रेहनी तिच्याकडे बघत होता, चांगला भांग पाडलेला. ती क्षणभर थांबली. पण शिकवणाऱ्यानंच नियम मोडून कसं चालेल? तिनं दोन लिहिला.

मतमोजणी जिल्ह्याच्या गावी, क्रीडागृहात. फर्गलनं तिच्यासाठी पास मिळवला होता. आत टेबलांच्या रांगा, टेबलांवर पेट्या, आणि लोखंडी कठड्याला पोटं टेकून वाकलेली ढीगभर माणसं, हातात पेन्सिल आणि फळीवर लावलेला कागद. त्यांत तिला ब्रेडा दिसली. ब्रेडा रोपाच्या शाळेत कचेरीत बसायची, दात पडला, गुडघा फुटला की पोरं तिच्याकडे जायची.

“ब्रेडा, तू इथं काय करतेस?”

“उना टिअर्नी, आत्ताची कौन्सिलर, पुन्हा उभी आहे ना, तिच्यासाठी रेघा मारतेय. पेटी उघडली की कागद सरळ करतात ना, तेवढ्यात बघायचं कुणाला किती. कुठली पेटी कुठल्या गल्लीची ते ठाऊक असतंच. दुपारपर्यंत कळतं कोण बसणार, कोण पडणार.”

“पण मत तर गुप्त असतं.”

“तुझं एकटीचं गुप्त,” ब्रेडा हसली. “पेटीचं कुठलं आलंय गुप्त? थांब, ही बघ तुमच्या रस्त्याची.”

पेटी उपडी झाली. एका बाईनं कागद एकेक उलगडून सपाट करायला सुरुवात केली. ब्रेडाची पेन्सिल भराभर चालली होती, ती मंदावली, आणि मग थांबलीच. शेजारच्या जाड्या माणसानं शीळ घातली. “अरे, हे काय? एक विन, दोन ब्रेहनी. परत एक विन, दोन ब्रेहनी. डेक्लन ब्रेहनीनं हॉटेलात दारू वाटली की काय?”

“नेत्साई,” ब्रेडा तिच्याकडे न बघता म्हणाली, “हे तुमच्या लोकांना कोणी शिकवलं?”

“काय शिकवलं? एक तर फर्गललाच आहे.”

“फर्गल पडणार आहे गं. पडणार हे त्याच्या आईलासुद्धा ठाऊक असेल. तो पडला की त्याचे कागद टाकून देतात असं वाटलं तुला? ते उचलतात आणि दोन बघतात. दोन ज्याला असेल त्याच्या गठ्ठ्यात घालतात. दोन म्हणजे काय शोभेला असतो?”

नेत्साईनं कठडा धरला. “आम्ही नुसते चौकोन भरले.”

“भरायला कोणी सांगितलं होतं? एक लिहून सोडलं असतं तरी चाललं असतं.”

“चाललं असतं?”

“अगं, अर्धं गाव तसंच करतं!”

ती तिथंच उभी राहिली. कोणी खुर्ची दिली तरी बसली नाही. एकेक फेरी व्हायची, कोणी निवडून यायचा, कोणी बाद व्हायचा, माईकवर आकडे यायचे, कुठे टाळ्या, कुठे शिव्या. संध्याकाळी फर्गल बाद झाल्याचं पुकारलं गेलं. त्याच्या गठ्ठ्यातले कागद वाटताना ब्रेहनीकडे गेलेला गठ्ठा एवढा जाड झाला की कठड्यावरून हशा पिकला. शेवटच्या जागेसाठी दोघंच उरली, ब्रेहनी आणि उना टिअर्नी. पुन्हा मोजणी झाली. ब्रेहनी अकरा मतांनी आला. त्याच्या माणसांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि भिंतीवरच्या बास्केटबॉलच्या कड्याला त्याचं डोकं लागता लागता राहिलं.

ब्रेडा फळीवरचा कागद काढून घडी घालत होती. “तुमचा फुटपाथ यंदाच्या कामांत कोणी घातला होता, ठाऊक आहे? उनानं. गुपचूप. मोठ्यानं बोलली असती तर गावातली मतं गेली असती म्हणून कुणाला सांगितलं नाही, हॉटेलवरही आली नाही. पैसे मंजूर व्हायचेच बाकी होते. मी माझ्या हातानं ती पत्रं टाइप केलीत.”

नेत्साईच्या तोंडून एवढंच आलं, “मला माहीत नव्हतं.”

“नव्हतंच,” ब्रेडा म्हणाली. “मग विचारायचं होतंस. मी रोज शाळेत असते.”

फर्गल आला तो हसत, पण आता ते हसू चेहऱ्यावर कुठं ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. “चूक माझी. मी नीट सांगायला हवं होतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” त्यानं तिला आपल्या गाडीतून हॉटेलवर सोडलं आणि वाटभर पावसाळी हवेबद्दल बोलत राहिला. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

हॉटेलात बातमी आधीच पोचली होती. माई तिनोनं तिच्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. झुराब मात्र जेवणघराच्या दारात उभा होता.

“मास्तरीणबाई, आजवर किती पोरं नापास केलीत?”

“झुराब, नको.”

“नाही, सांगा ना. कारण आज अख्खं हॉटेल एका दमात केलंत. गेटावर उभा राहून त्यानं माझ्या बायकोला काय म्हटलं होतं ते तुम्ही ऐकलंय. आणि मी त्याच्यासमोर दोन लिहिला. या हातानं.” त्यानं हात पुढे केला, जणू तिनं तो तपासून परत द्यावा. “मी म्हटलं होतं, हात नाही लिहिणार. तुम्ही लिहवलंत.”

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. तिची चाहूल लागली की गवताचं यंत्र सुरू करायचा. शाळेतही ब्रेडा काचेच्या खिडकीआडून रोपाचं नाव हजेरीत लावायची आणि काच सरकवायची. इतरांच्या बाबतीत काच उघडीच असायची. हबीबो आजीला अजून वाटायचं की आपण जिंकलो. ती नेत्साईला बघितलं की एक बोट वर करायची. तिला खरं काय ते सांगायची हिंमत कुणाला झाली नाही.

जुलैत नव्या कौन्सिलची बैठक झाली. तळ्याच्या रस्त्याचा फुटपाथ कामांतून निघाला आणि ते पैसे दफनभूमीच्या रस्त्याला गेले. तिकडे फुटपाथ होऊ लागला. नेत्साई कामावर जाताना रोज बघायची. राखाडी, कडेला दगडांची रांग असलेला. मेलेल्यांना भेटायला जाणारे लोक आता सुरक्षित जाणार होते.

वृद्धाश्रमात तिच्या वाट्याला ज्या म्हाताऱ्या होत्या त्यांत एक डेक्लन ब्रेहनीची आई होती. गाव एवढंसं, वृद्धाश्रम एकच, त्यात नवल काही नव्हतं. म्हातारीला मुलगा कौन्सिलर झाल्याचं दहा वेळा सांगून झालं होतं आणि दहाही वेळा ती म्हणाली होती, “कोण, डेक्लन? त्याला तर स्वतःचे मोजे सापडत नाहीत.” एका रविवारी ब्रेहनी चर्चमधून थेट आला. नेत्साई म्हातारीचे केस विंचरत होती. तो दारात थांबला, टोपी हातात घेतली.

“तुम्हीच ना त्या? हॉटेलच्या?”

“हो.”

“मला खरंच कळत नाही तुमच्याशी काय बोलावं.” तो अवघडून हसला. “आभार मानले पाहिजेत बहुतेक. तुमच्या पेटीशिवाय मी घरी बसलो असतो.”

“आभार नकोत,” नेत्साई म्हणाली. कंगवा तिनं थांबवला नाही. “मला फुटपाथ हवाय. तुम्ही आमच्या मतांवर आलात. कशीही पडली असोत, मतं आमची आहेत. बाकीचे लोक मत देतात आणि मग काम सांगतात. मी काम सांगतेय.”

ब्रेहनीनं खुर्ची ओढली आणि बसला. तो वाईट चेहऱ्याचा माणूस नव्हता. आईच्या गुडघ्यावरची शाल त्यानं नीट केली.

“ऐका. पबमध्ये मला आता काय म्हणतात, ठाऊक आहे? हॉटेलचा डेक्लन. मी आत शिरलो की कोणीतरी विचारतं, रूम सर्व्हिस आली का? माझा स्वतःचा मेव्हणा. या परिस्थितीत मी त्या रस्त्याला एक फरशी जरी टाकली ना, तर पुढच्या वेळी मला माझी बायकोसुद्धा मत देणार नाही. तुमच्या मतांशिवाय निवडून आलो असतो, तर एखाद्या वेळी मी डोळेझाक केली असती. खोटं नाही सांगत.”

“पुढच्या वेळी आम्ही पण असू. आता आम्हाला कळलंय दोन म्हणजे काय.”

“असाल?” त्यानं विचारलं, आणि त्या विचारण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते लागलं. “पाच वर्षांनी? तुमचा निकाल लागला तर तुम्ही डब्लिनला जाल, सगळेच जातात. नाही लागला तर परत जाल. आणि मधेच एखाद्या सकाळी बस आली, की जिथं नेतील तिथं. गेल्या वर्षी नाही का अर्धं हॉटेल केरीला हलवलं? त्यांना कोणी विचारलं होतं? जे पाच वर्षांनी इथं असणारच आहेत त्यांच्याकडे मला बघावं लागतं. दफनभूमीतले तर कुठंच जात नाहीत.” आपल्याच बोलण्यावर तो हसला, मग त्याची नजर आईवर गेली.

म्हातारीनं डोळे उघडले. “कोण आहे हा?”

“तुमचा डेक्लन,” नेत्साई म्हणाली.

“मोजे सापडले का रे?”

नेत्साईनं म्हातारीच्या केसांची सैल वेणी घातली, रबर लावलं, खांद्यावर पडलेले पांढरे केस वेचले. करण्यासारखं आणखी काही उरेना तेव्हा ती टॉवेल उचलून बाहेर आली. कपड्यांच्या खोलीत, यंत्र गरगरत असताना, तिनं टॉवेलमध्ये तोंड खुपसलं. रडू आलं नाही. तिला राग हवा होता, आणि तो कुणावर धरावा याचा विचार करू लागली की दर वेळी फळ्यासमोर उभी असलेली, हातात पेन घेतलेली बाईच डोळ्यांपुढे यायची.

ऑगस्टच्या अखेरीला शाळा सुरू झाली. रोपा तिसरीत गेली होती, दप्तर आणखी जड झालं होतं. नेत्साईनं तिच्यासाठी पिवळं चमकदार जाकीट आणलं होतं, मोठ्या माणसाचं, कारण लहान मापाची दुकानात संपली होती. ते पोरीच्या गुडघ्यांपर्यंत येत होतं. दोघी गेटातून बाहेर पडल्या. कुंपण उन्हाळ्यात कुणी छाटलेलं नव्हतं, उलट रस्त्यावर हातभर पुढे आलं होतं.

पहिल्या वळणाच्या अलीकडे मागून जीपचा आवाज आला. नेत्साईनं सवयीनं रोपाला झुडपात घेतलं आणि पाठ केली. आवाज जवळ आला, पण पुढे गेला नाही. तिनं वळून बघितलं. ब्रेहनीची जीप त्यांच्या मागे दहा पावलांवर थांबली होती, चारही कोपऱ्यांचे पिवळे दिवे उघडमिट करत. त्यानं काचेमागून हातानं खूण केली, चला, चालत राहा.

त्या चालू लागल्या. जीप मागून हळूहळू येत राहिली, माणसाच्या चालीनं. समोरून येणारा एक ट्रॅक्टर तिला बघून सावकाश झाला. मागे मोटारी साचल्या, कोणी हॉर्न वाजवला, मग लांबलचक वाजवला. तो हॉर्न जीपला नव्हता हे नेत्साईला मागे वळून न बघता कळत होतं.

“आई, हा काका कोण आहे?”

“कौन्सिलर.”

“आपल्यासाठी हळू चालवतोय?”

“हो.”

“किती चांगला आहे ना गं.”

पोरीचं मनगट नेत्साईनं इतकं घट्ट धरलं होतं की रोपानं ते सोडवून घेतलं. तिला हात हलवायचा होता. ती उलटी चालत, जाकीट सावरत, जीपकडे बघून हात हलवू लागली.

गावातलं पहिलं घर दिसायला लागलं, पेट्रोल पंपाच्या वरच्या अंगाचं, निळ्या दाराचं. तिथं आल्यावर जीपचे पिवळे दिवे बंद झाले. इंजिनाचा आवाज चढला आणि ब्रेहनी त्यांना वळसा घालून भरकन पुढे निघून गेला, सरळ समोर बघत, वाटेत कोणी दिसलंच नसल्यासारखा. पंपावर दोघंतिघं उभे होते.

दुसऱ्या दिवशीही जीप आली, आणि तिसऱ्या दिवशीही. निळ्या दारापर्यंत. नेत्साईनं आठवडाभर मागे वळून बघितलं नाही. मग एका सकाळी धुकं होतं, दुधाचा टँकर समोरून अंगावर आला आणि मागे ते पिवळे दिवे उघडमिट करत होते म्हणूनच त्याला दिसलं आणि तो थांबला. टँकर गेल्यावर रोपा म्हणाली, “आई, काकांना थँक्यू कर ना. मी एकटीच करते रोज.”

नेत्साई झुडपातून बाहेर आली. तिनं जीपकडे तोंड केलं आणि हात वर केला.